छत्रीवाल्याची फिल्म

बालसुरक्षा विभागाकडे एकच फिल्म होती. तिला लांबलचक सरकारी नाव होतं, म्हणून ते कुणाच्याच लक्षात राहत नसे. मुलं तिला छत्रीवाल्याची फिल्म म्हणत, आणि प्रोजेक्टर घेऊन शाळाशाळांतून ती दाखवत फिरणाऱ्या माणसाला फिल्मवाले. फिल्म काळी-पांढरी होती आणि वयाने फिल्मवाल्यांपेक्षा थोडीच लहान. नवी काढावी असा प्रस्ताव दर वर्षी वर जाई आणि 'जुनी अद्याप तुटलेली नाही' एवढा शेरा घेऊन खाली येई.

गोष्ट साधी होती. शाळेच्या फाटकाशी छत्री घेऊन एक माणूस उभा असतो. त्याला मुलीचं नाव ठाऊक असतं. तो गोड आवाजात म्हणतो, "चल बाळ, तुझ्या बाबांनी मला पाठवलंय. आई आजारी आहे." मुलगी हुशार असते. ती धाकट्या भावाचा हात धरून पळते आणि लाकडाच्या वखारीत लपते. छत्रीवाला मागोमाग येतो. दाराबाहेर उभा राहून आधी आपल्या आवाजात हाक मारतो, मग बापाच्या, मग आईच्या. दिग्दर्शकाकडे पैसे कमी असावेत, कारण त्याने छत्रीवाल्याच्या तोंडी सरळ आईचं काम करणाऱ्या बाईचाच आवाज घातला होता. त्यामुळे नक्कल इतकी हुबेहूब झाली होती की, या जागी प्रत्येक शाळेत दोन-चार मुलं हमखास रडत. मग धाकट्या भावाला खोकला येतो. दार उघडतं. छत्रीचं टोक आत येतं. पुढच्या चित्रात भाऊ नसतो. बहीण तोंडावर हात दाबून, डोळे विस्फारून अंधारात बसलेली दिसते आणि एक खर्जातला आवाज सांगतो : "जो ओ देत नाही, तोच वाचतो."

इथे दुसरं रीळ संपायचं, आणि साधारण इथेच तासाची घंटा व्हायची किंवा प्रमुख पाहुण्यांना घाई असल्याची आठवण व्हायची. पाहुणे दोन शब्द बोलायला उठत. ते दोन शब्द कधीच दोन नसत. तिसऱ्या रिळाचा डबा व्हॅनमध्ये असायचा, पण तो लावायची वेळ फिल्मवाल्यांवर कधी आली नाही. त्यांच्या आधीच्या फिल्मवाल्यांवरही आली नव्हती. "शेवट गोडच असतो," एवढं त्यांनी जाताना सांगून ठेवलं होतं. अशा रीतीने त्या भागातली झाडून सगळी मुलं लपण्यात पटाईत झाली. बाहेर कधी यायचं ते तिसऱ्या डब्यात होतं.

फिल्मवाल्यांची मुलगी ठकू. दुसरीत. बालसुरक्षा सप्ताहात तिच्याही शाळेत फिल्म झाली, तेव्हा ती पहिल्या रांगेत मान ताठ करून बसली होती. बाबांची फिल्म होती ना. ती रडली नाही. घरी येऊन जेवली आणि गप्प झोपली. तिला दमा होता. त्यामुळे घरात तिच्या गप्प असण्यापेक्षा तिच्या छातीकडेच जास्त लक्ष असायचं. छाती साफ आहे म्हटल्यावर आईबाप निश्चिंत झाले.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी विभागात समारोप होता. साहेबांनी भाषणात फिल्मवाल्यांचं नाव घेतलं, म्हणून फिल्मवाल्यांना उठता येईना. आपलं कौतुक चालू असताना उठून जायला मोठं काळीज लागतं. शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा त्यांनी व्हॅनच्या ड्रायव्हरला खुणेने जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ठकूला तेवढं शाळेतून घेऊन ये. मी हा आलोच."

साहेब थांबले तेव्हा दुपार उतरणीला लागली होती.

फिल्मवाले शाळेत पोचले तर ड्रायव्हर पायरीवर बसला होता. त्याच्या मांडीवर ठकूचं दप्तर होतं. ठकू नव्हती.

"कुठाय?" फिल्मवाल्यांनी विचारलं.

"आत," ड्रायव्हर म्हणाला. "आत पळाली. फाटकातून बाहेर आलेली नाही, वॉचमन शपथेवर सांगतो. पण आत कुठं, ते..."

"पळाली? का?"

"मला काय माहीत! मी नीट बोललो हो. म्हटलं, चल ठकू, तुझ्या बाबांनी मला पाठवलंय."

फिल्मवाले त्याच्यावर वाकले. "आणखी काय म्हणालास?"

"काही नाही." ड्रायव्हरने दप्तराचा पट्टा चाचपला. "ती जरा मागं सरकली. म्हणून म्हटलं, आई आजारी आहे, चल लवकर. पोरं असं म्हटलं की पटकन येतात ना. तर ती डोळे फाडून बघतच राहिली. मी दप्तर धरलं, ती पट्ट्यातून निसटली. मासळीसारखी."

"हातात काय होतं तुझ्या?"

"काही नव्हतं."

"छत्री होती?"

ड्रायव्हरने वर आभाळाकडे पाहिलं. "ऊन केवढं होतं," तो म्हणाला. "व्हॅनमधली घेतली होती. आपल्या ऑफिसची."

"अरे, तू वर्षानुवर्षं माझ्याबरोबर फिरतोस! एकदाही फिल्म पाहिली नाहीस?"

"तुम्ही आत फिल्म लावता तेव्हा मी व्हॅनमध्ये झोपतो," ड्रायव्हर म्हणाला, आणि मग त्याला रडू फुटलं.

चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचं काम करणारी ठकूची आई धावत आली. अंगावर कामाचा अ‍ॅप्रन तसाच होता. तिने काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. "पंप कुठाय?" एवढंच विचारलं.

ड्रायव्हरने दप्तर पुढे केलं. पंप बाहेरच्या कप्प्यात होता. तिने तो मुठीत धरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. हल्ली धूळ नाकात गेली की, ठकूला घरातून गल्लीच्या टोकापर्यंत जाण्याइतकाही दम निघत नसे. आणि लपायच्या जागा कधी कुणी झाडून ठेवत नाही.

"खोकला आला तर कळेल आपल्याला," फिल्मवाले म्हणाले. कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं.

"खोकणार नाही ती," आई म्हणाली. "तुमच्या फिल्ममध्ये खोकणाऱ्याचं काय होतं?"

शाळा तीन मजली, जुनी आणि लांबच लांब. माळे, जिन्याखालच्या खोल्या, प्रयोगशाळेची कपाटं, नकाशांची खोली, मोडक्या बाकांचा ढीग. मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्या किल्ल्या काढून दिल्या. वॉचमनने टाकीत वाकून पाहिलं. तो वाकला तेव्हा आईने दोन्ही हातांनी भिंत धरली. टाकीत पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. शिपायाने गच्ची पाहिली. ठकू मिळाली नाही, आणि घड्याळ कुणासाठी थांबत नाही.

मग फौजदार आले. उंच, दमदार गृहस्थ. सोबत कर्णा लावलेली जीप होती. त्यांनी परिस्थिती समजून घेतली आणि ज्याला ते कार्यपद्धती म्हणत ती सुरू केली. कर्ण्यातून ठकूचं पूर्ण नाव, वय, फ्रॉकचा रंग आणि 'घाबरू नकोस, आम्ही पोलिस आहोत' हे वाक्य बाहेर पडू लागलं. कर्ण्यातून कुणाचाही आवाज घाबरवणाराच निघतो. गल्लीतली माणसं गोळा झाली. कुणाचं मूल हरवलं की लोक मनापासून धावून येतात आणि घसा कोरडा होईपर्यंत हाका मारतात. त्याहून अधिक काय करायचं हे त्यांना माहीत नसतं. पाहता पाहता शाळेच्या तिन्ही मजल्यांवर चारी बाजूंनी ठकूचं नाव घुमायला लागलं. पुरुषांचे जाडे आवाज, बायकांचे गोड आवाज.

"ठकूऽऽ! ये बाळा, आई आलीय बघ!" एक अनोळखी बाई सगळ्यांत गोड आवाजात ओरडली, आणि फिल्मवाले धावत जीपपाशी गेले.

"थांबवा," ते फौजदारांना म्हणाले. "हाका मारू नका. एवढं ऐका माझं."

"हाका नाही मारायच्या?" फौजदारांनी कर्णा बाजूला केला. "मग शोधायचं कसं, मनातल्या मनात?"

"तिला आम्ही शिकवलंय, साहेब. नाव घेऊन बोलावलं की लपायचं. जास्त बोलावलं की जास्त लपायचं. जितक्या हाका माराल तितकी ती आत आत सरकेल."

"कुणी शिकवलं असलं भलतंसलतं?"

"बालसुरक्षा विभागाने."

"तुम्ही कुठे असता?"

"बालसुरक्षा विभागात."

फौजदारांनी त्यांच्याकडे पाहिलं. दुःखाने माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी फिल्मवाल्यांच्या खांद्यावर थोपटलं, त्यांना पाणी द्या म्हणून सांगितलं आणि कर्णा पुन्हा तोंडाशी नेला.

ठकूची आई जीपपाशी गेली. बॅटरीवर वाकली आणि कर्ण्याची वायर धरून ओढली. वायर एका झटक्यात निघाली नाही, तेव्हा तिने ती दातात धरली. कर्णा बंद पडला. "अहो बाई! सरकारी मालमत्ता आहे ती!" फौजदार ओरडले. तिने वायरचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला. "ही घ्या तुमची मालमत्ता," ती म्हणाली. "माझी मला मिळाली की भरून देते."

पण गर्दीला वायर नसते. गर्दी हाका मारतच होती. तेव्हा मुख्याध्यापिका बाई व्हरांड्याच्या कठड्यापाशी आल्या. त्या बुटक्या होत्या, आवाजही फार मोठा नव्हता. त्यांनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "हाताची घडी! तोंडावर बोट!"

सगळं अंगण गप्प झालं. त्यात किराणा दुकानदार होता, दोन वकील होते, कुणाकुणाच्या आज्या होत्या. सगळ्यांनी हातांची घडी घातली होती आणि तोंडावर बोट ठेवलं होतं. फौजदारांचंही बोट ओठांवर गेलं होतं. तेही त्याच शाळेचे. लक्षात आल्यावर त्यांनी बोट खाली घेतलं.

शांतता झाली. सगळे कान देऊन ऐकू लागले. कुठेतरी नळ गळत होता. खोकला नव्हता, रडणं नव्हतं. आईने डोळे मिटले. ठकूच्या छातीतली शिट्टी ती झोपेतही ओळखायची, भिंतीपलीकडून ओळखायची. पण तीन मजली शाळा म्हणजे घरची भिंत नव्हे.

"तिसरं रीळ," फिल्मवाले एकदम म्हणाले. "शेवटी ती मुलगी कशी बाहेर येते ते त्यात आहे. तेच करू आपण. जसंच्या तसं करू."

ते व्हॅनकडे धावले. तिसऱ्या डब्याचं झाकण गंजलं होतं. ड्रायव्हरने स्क्रूड्रायव्हरने उचकटलं. प्रोजेक्टर जोडत बसायला वेळ नव्हता. फिल्मवाल्यांनी रीळ हातात घेतलं आणि फिल्म ओढून मावळत्या उन्हासमोर धरली. पहिल्या चौकटीत एक माणूस माईकसमोर उभा होता. कोट घातलेला, तोंड उघडं. पुढच्या चौकटीतही तोच. त्यांनी हातभर फिल्म ओढली. तोच माणूस, तोच माईक. आणखी ओढली. तोंड मिटलं होतं. आणखी ओढली. पुन्हा उघडलं होतं. पायाशी फिल्मचा भारा झाला. त्यातल्या एका चौकटीत माणूस पाणी पीत होता.

"हा कोण?" आईने विचारलं.

"त्या वेळचे संचालक," फिल्मवाले म्हणाले. "भाषण करतायत."

"आणि मुलगी?"

फिल्मवाले ओढत राहिले, रीळ संपेपर्यंत. शेवटच्या चौकटीत टाळ्या वाजवणारे हात होते. मुलगी कुठेच नव्हती. ती दुसऱ्या रिळाच्या शेवटाला वखारीत बसली होती ती बसलीच होती. तिला बाहेर काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

फिल्मवाले मोकळं रीळ हातात धरून उभे राहिले. आई मात्र रस्त्यापलीकडे बघत होती. "दातवाल्या बाई," ती म्हणाली. "फिल्ममधली ती मुलगी म्हणजे त्याच ना? सगळं गाव सांगतं."

दातवाल्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना शाळेसमोरच होता. लहानपणी त्या फिल्ममध्ये होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांच्यासमोर कुणी तो विषय काढत नसे. पूर्वी कुणीतरी खुर्चीवर बसून "तुम्हीच ना त्या वखारीतल्या?" असं विचारलं होतं, आणि त्याचा चांगला दात निघाला असं लोक म्हणत.

दोघं आत घुसली तेव्हा बाईंच्या खुर्चीवर एक गृहस्थ जबडा वासून पडले होते. त्यांच्या तोंडात दोन नळ्या आणि कापूस होता.

"नंबर लावा," बाई वळून न बघता म्हणाल्या.

"बाई, आमची मुलगी लपलीय," आई म्हणाली. "तुमच्यासारखी. श्वास अडकतो तिचा, आणि ती ओ देत नाही. शेवट काय होता हो? तुम्ही बाहेर कशा आलात?"

बाईंच्या हातातलं यंत्र थांबलं. खुर्चीतले गृहस्थ "आँ" असं काहीसं म्हणाले. "तुम्ही गप्प बसा," बाई त्यांना म्हणाल्या, आणि मास्क खाली ओढला.

"शेवट नव्हताच," त्या म्हणाल्या. "मला वखारीत बसवलं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही, म्हणाला तो दिग्दर्शक. मग ढग आले, उजेड गेला, मंडळी जेवायला निघून गेली. मला विसरली. नंतर आठवण झाली तेव्हा सगळे हाका मारत फिरायला लागले. आईसुद्धा. मला वाटलं, हाही सीनच आहे. नाही तर तोच आलाय, आईचा आवाज काढून. मी तोंड दाबून बसले."

"मग?"

"मग बाबा मला न्यायला आले आणि आईशी भांडायला लागले. माझ्यावरून नाही हो. सकाळी दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवलं नव्हतंस, असलं काहीतरी. ती म्हणाली, झाकण तुमच्या आईने ढापलं. रोजचंच भांडण, रोजच्याच क्रमाने." बाईंनी हातमोजा ओढून काढला. "गोड कुणालाही बोलता येतं. हे त्या छत्रीवाल्याला कुठून येणार? म्हटलं, ही आपलीच माणसं. आणि बाहेर आले."

दोघं पळत सुटली. फाटकाशी आईने नवऱ्याचं मनगट धरलं. "भांडा," ती म्हणाली.

"काय?"

"भांडा माझ्याशी. रोजच्यासारखं. आणि रडलात तर बघा. तिला रडणं ऐकू गेलं तर ती ओळखणार नाही आपल्याला."

फौजदारांनी त्यांना आत जाताना पाहिलं, पण अडवलं नाही. अंगणातली माणसं तशीच हाताची घडी घालून उभी होती. दोघं तळमजल्याच्या लांब व्हरांड्यात शिरली. फिल्मवाल्यांना भांडण सुचेना. इतक्या वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं होतं.

"स्वयंपाकघरातला नळ," ते कसंबसं म्हणाले. "त्याचा वॉशर... तू अजून..."

"मोठ्याने. मी? वॉशर मी आणायचा? हार्डवेअरचं दुकान तुमच्या ऑफिसच्या वाटेवर आहे की माझ्या?"

"तुला आठवण करायला काय झालं होतं?"

"रोज करते! चिठ्ठी लिहून खिशात घालते. ती धुण्यात जाते. खिसे कोण तपासतं तुमचे? मीच."

दोघं पहिल्या वर्गाच्या दाराशी थांबली, आत पाहिलं, पुढे निघाली. आवाज चढवायचे आणि पावलं हळू टाकायची. हे फार अवघड असतं. जिन्याखाली आईने ओल्या टॉवेलचा विषय काढला. पहिल्या मजल्यावर फिल्मवाल्यांना शेजाऱ्यांना दिलेली शिडी आठवली. ती कधी परत आली नव्हती, आणि ती दिली कुणी यावर मतभेद होता. नकाशांच्या खोलीपाशी आई म्हणाली, "तुमचं एक काम धड होत नाही. एक! पोरीला घ्यायला..."

फिल्मवाल्यांनी तिच्या दंडाला घट्ट धरलं. ती थांबली. भांडण नेमकं जिथे जायला बघत होतं तिथेच त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

"...पोरीला घ्यायला म्हणून नवीन बूट," ती म्हणाली, "त्यालासुद्धा दोन वेळा दुकानात जावं लागलं. माप चुकीचं सांगितलंत."

"माप तू सांगितलंस."

"मी बरोबर सांगितलं. तुम्ही चुकीचं ऐकलंत."

दुसरा मजला. काही नाही. दारामागे कोळ्यांची जाळी आणि खडूची धूळ. आईचा आवाज बसायला लागला होता. फिल्मवाल्यांचे डोळे वाहत होते, पण आवाज कोरडा होता. चेहरा भिजतो आणि आवाज भिजत नाही, हे माणसाला जमतं, असं त्यांना त्या दिवशी कळलं. खाली येऊन दोघं सभागृहात शिरली. उंच लाकडी स्टेज, समोर रचून ठेवलेल्या खुर्च्या. शिपायाने हे दोनदा तपासलं होतं. स्टेजखाली बॅटरी मारली होती, मोडकी बाकं दिसली होती, तो परत गेला होता. माणूस शिरेल एवढी फट तिथे नव्हती. मूल शिरेल एवढी होती की नाही, हे माणसाला कुठून कळणार?

"आणि थर्मास?" आई म्हणाली. आता तिच्याकडे फारसे विषय उरले नव्हते. "नवा कोरा थर्मास. तो काय आपोआप फुटला?"

"तू ओट्याच्या कडेला ठेवला होतास."

"मी आत ठेवला होता. कोपर तुमचं लागलं."

"माझं कोपर लागलंच नाही! मी त्या वेळी स्वयंपाकघरात नव्हतोच."

"मग काय भुताने फोडला?"

"बा..." स्टेजच्या फळ्यांखालून आवाज आला. आवाज कसला, श्वासाला चिकटून आलेले तुकडे. "बा... बांनी. फो... फोडला."

फिल्मवाले पुढे झेपावणार, तोच आईने त्यांना मागे खेचलं. तिने डोळे मिटून घेतले होते. आता एक जरी वेगळा शब्द गेला असता, आनंदाचा, गोड, तर ठकू पुन्हा आत सरकली असती.

"ऐकलंत?" आई म्हणाली. आवाज फुटत होता, तरी ती तो रेटत होती. "साक्षीदार आहे माझ्याकडे. आता बोला."

"फोडला," फिल्मवाले म्हणाले. ते गुडघ्यांवर बसले होते, मग पोटावर पडले. "फोडला मी. कबूल. मग काय फाशी देणार आहेस?"

"आधी कबूल केलं असतं तर? आं?" तिने पंप त्यांच्या हातात दिला. त्यांनी फटीतून हात घातला, खांद्यापर्यंत घातला. आत जाळी होती, धुळीची साय होती. ती छातीतली शिट्टी आता त्यांनाही ऐकू येत होती. ती शिट्टीसुद्धा राहिली नव्हती. दोरी घासावी तसा तो आवाज होता, आणि दोन आवाजांमध्ये फार वेळ जात होता. पंप कुणी घेईना.

"घेत नाहीये," ते कुजबुजले.

"पंपसुद्धा असाच धरता तुम्ही!" आई ओरडली. "उलटा! डॉक्टरांनी किती वेळा दाखवला, आधी हलवायचा, मग झाकण काढायचं. रोज सकाळी मी सांगते, रोज सकाळी हे उलटा धरतात."

हातातला पंप कुणीतरी ओढून घेतला. आत खडखड झाली, तो हलवल्याची. मग फस्स असा आवाज आला. मग काहीच नाही. फिल्मवाल्यांनी गाल जमिनीला टेकवला होता. दारात फौजदार, मुख्याध्यापिका बाई, ड्रायव्हर आणि अर्धं अंगण उभं होतं, सगळे तोंडावर बोट ठेवून. पुन्हा फस्स. मग एक लांब, करकरता श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग आला.

फौजदारांनी बोट काढलं आणि न बोलता फळीला खांदा लावला. दोन माणसं आणखी आली. फळी निघाली.

ठकूला बाहेर काढलं तेव्हा तिचे ओठ जांभळे होते आणि पापण्यांवर धूळ साचली होती. एक हात अजून तोंडावर दाबलेला होता. तो आईने सोडवून घेतला, तर त्यावर दातांच्या खुणा होत्या. ती कुणाकडे बघत नव्हती. आईने तिला छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच गप्प झाली. ती गप्प झाली मात्र, ठकूचे डोळे मोठे झाले आणि ती अंग चोरून मागे ओढू लागली.

"बोला," आई नवऱ्याला म्हणाली. "थांबू नका. बोला काहीतरी."

अँब्युलन्स आली. आत एकाच माणसाला बसता येईल असं बरोबर आलेले डॉक्टर म्हणाले. मग दोघांचे चेहरे पाहून त्यांनी दोघांनाही आत घेतलं. ठकूच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. डॉक्टर तिच्या नाडीवर बोट ठेवून होते, त्यांनी अजून बरं किंवा वाईट काहीच म्हटलं नव्हतं.

"शिडी तूच दिलीस," फिल्मवाले म्हणाले.

"मी नाही. तुम्ही."

"मला ते लोक आवडतसुद्धा नाहीत. मी कशाला देईन?"

"आवडत नाहीत म्हणूनच. नाही म्हणता येत नाही तुम्हाला कुणाला."

डॉक्टरांनी चमकून वर पाहिलं. "अहो, ही काय वेळ आहे का? जरा शांत राहा."

दोघं शांत राहिली. मास्कच्या वर ठकूचे डोळे उघडले. ते एकदा आईकडे गेले, एकदा बाबांकडे, मग दाराच्या कडीकडे.

"आणि वॉशर?" आई घाईघाईने म्हणाली. "वॉशरचं काय?"

"उद्या आणतो."

"उद्या, उद्या. नेहमीचंच."

ठकूने कडीवरची नजर काढून डोळे मिटले. अँब्युलन्स वळण घेत होती. आईने एका हाताने स्ट्रेचर आणि दुसऱ्याने नवऱ्याची बाही घट्ट धरली होती, आणि दोघं भांडत होती, आलटून पालटून, कुणाचा आवाज बसला तर दुसऱ्याने सांभाळून घेत.